परदेशी क्लबात खेळताना प्रवासात काय घडतं आणि मुलाने काय सांभाळावं

कोल्हापूरच्या एका वडिलांनी विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर आहे. त्यांचा मुलगा एकवीस वर्षांचा, फुटबॉलमध्ये लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू. पेठेतल्या तालमीकडून शाहू स्टेडियमवर खेळत मोठा झाला, मग गोव्याच्या लीगमध्ये गेला. आता एका एजंटमार्फत परदेशातल्या दुसऱ्या श्रेणीच्या क्लबाचं बोलावणं आलंय. खेळाचं तो बघून घेईल, पण परक्या मुलखात प्रवासात काय काय घडतं, तुमच्यावर कोणते प्रसंग आले आणि पोराने काय सांभाळायचं ते सविस्तर सांगा, असं त्यांनी लिहिलंय.

दादा, मी बचावफळीत खेळलो, आधी गोव्यात आणि नंतर मालदीवमध्ये. गुडघ्याने साथ सोडल्यावर संघ व्यवस्थापक म्हणून भारतीय संघांबरोबर आशियात फिरलो. म्हणजे खेळाडूची बाजू पाहिली आणि तिकिटं, व्हिसे, बसगाड्या जमवणाऱ्याचीही पाहिली. त्यावरून एक गोष्ट पक्की सांगतो. प्रवासातले घोटाळे विमानतळावर किंवा घाटात दिसतात खरे, पण बहुतेकांचं मूळ दोन-तीन आठवडे आधीच रुजलेलं असतं. कुणी दोन विमानांमध्ये पुरेसा वेळ ठेवलेला नसतो, कुणी व्हिसाचा प्रकार वाचलेला नसतो, बूट नको त्या बॅगेत गेलेले असतात. यातलं सगळं खेळाडूच्या हातात नसतं. जेवढं असतं तेवढं त्याने घट्ट धरावं. मग बाकीचं निभावतं, आणि त्यातल्या काही गोष्टी पुढे जन्मभर आनंदाने सांगाव्यात अशाही असतात.

बुटांपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त रडारड बुटांवरूनच होते. सप्टेंबर २०१७ मध्ये बेंगळुरू एफसी हा क्लब आशियाई क्लबांच्या एएफसी कप स्पर्धेतल्या आंतरविभागीय उपांत्य फेरीसाठी उत्तर कोरियात गेला होता. समोर ४.२५ हा तिथला सैन्याचा संघ. फेरीतला पहिला सामना बेंगळुरूने घरच्या मैदानावर ३-० ने जिंकून ठेवला होता. पण प्याँगयांगला पोचताना खेळाडूंचं सामान मागे राहिलं, त्यात बूटही. तिथे मिळाले ते बूट विकत घेऊन मुलं त्या प्रचंड मे डे स्टेडियमवर उतरली आणि १३ सप्टेंबरला ०-० बरोबरी करून पुढच्या फेरीत गेली. त्यानंतर दोनच दिवसांनी त्याच शहराच्या सुनान विमानतळ परिसरातून उत्तर कोरियाने जपानवरून जाणारं क्षेपणास्त्र सोडलं. अनोळखी बुटांत, ओळखीचं एकही तोंड नसलेल्या स्टेडियममध्ये नव्वद मिनिटं एकही गोल खायचा नाही, याचं मोल बचावफळीत खेळलेल्या माणसाला कळतं. त्या संघाचं मला आजही मनापासून कौतुक वाटतं.

म्हणून मुलाला सांगा: बूट, शिनगार्ड (नडगीवर बांधायच्या पट्ट्या), मोज्यांचा एक जोड, एक शॉर्ट्स आणि नेहमीच्या गोळ्या कायम केबिन बॅगेत, म्हणजे डोक्यावरच्या कप्प्यात. किटमॅन, म्हणजे संघाचं सामान सांभाळणारा माणूस, कितीही मायेने म्हणाला, "दे, ट्रंकेत टाकतो," तरी द्यायचे नाहीत. मोल्डेड तळाचे बूट सहसा अडत नाहीत. लोखंडी स्टडवरून, म्हणजे तळाला फिरवून बसवायच्या खुंट्यांवरून, सुरक्षा तपासणीत कधीकधी वाद होतो, म्हणून ते स्टड काढून मोठ्या बॅगेत टाकावेत. टेप कापायची कात्री, दुखऱ्या पायावर मारायचा थंड स्प्रे आणि मालिशच्या तेलाची मोठी बाटली केबिनमध्ये चालत नाही. ती काढून घेतात आणि त्या भानगडीत अख्खा संघ रांगेत अडकतो.

एवढं करूनही नवे बूट घ्यायची वेळ आलीच, तर दुकानातून थेट मैदानावर जायचं नाही. आदल्या रात्री खोलीत ओले मोजे घालून ते बूट चढवायचे आणि तासभर फिरायचं. टाचेला आणि करंगळीच्या बाजूला आधीच टेप लावायची, वर व्हॅसलीन. नवा बूट टाच सोलतो तो पहिल्या अर्ध्या तासात, आणि टाच सोलली की लेफ्ट बॅक पुढे धावतो पण परत येत नाही. सामान आलं नाही तर विमानतळ सोडण्याआधी तिथल्याच काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिची पावती घ्यायची. आंतरराष्ट्रीय प्रवासात उशिरा मिळालेल्या सामानाबद्दल भरपाई मागायची तर सामान हातात आल्यापासून २१ दिवसांत लेखी मागावी लागते. मोडतोड झाली असेल तर मुदत फक्त ७ दिवसांची. पोरं हे करत नाहीत, कारण बस उभी असते आणि कोच ओरडत असतो. ओरडू द्यावं.

आता माझ्या अनुभवातलं. मालदीवमध्ये खेळणं म्हणजे समुद्राशी गाठ. विमानतळच वेगळ्या बेटावर. २०१८ मध्ये पूल झाला, तोवर माले शहरात शिरायचं तर बोटीनेच. लीगचे सामने मालेतच होत, शहराच्या ऐन गर्दीतल्या स्टेडियममध्ये. पण मैत्रीपूर्ण सामन्यांना आणि लहान स्पर्धांना दूरच्या बेटांवर जावं लागायचं, स्पीडबोटीने. पावसाळी वाऱ्याच्या दिवसांतला एक प्रवास विसरणं शक्य नाही. बंदरातून निघालो तेव्हा सगळे गाणी म्हणत होते. उघड्या समुद्रात गेल्यावर बोट लाटेवर चढायची आणि धाडकन खाली आपटायची. प्रत्येक आपटण्याला मणका दणकायचा. पुढच्या बाकांवर जागा मिळाली म्हणून खूश झालेले सगळ्यात आधी पांढरे पडले. आमच्यात रत्नागिरीकडचा एक जण होता, मच्छीमार घरातला. त्याने शांतपणे एकेकाला उठवून मागे आणून बसवलं, कारण बोटीचा मागचा भाग कमी उडतो. मोबाईल खिशात टाकायला लावले आणि म्हणाला, "लांब पाण्याची रेघ दिसते ना, तिच्यावरनं नजर काढू नका." मग स्वतःच्या पिशवीतून आमसुलं काढून सगळ्यांच्या हातावर ठेवली. स्ट्रायकर ब्राझीलचा होता. त्याने आमसूल चघळलं, तोंड वाकडं केलं आणि दुसरं मागितलं.

बेटावर उतरलो तेव्हा जमीन हलत होती. समुद्रातून आल्यावर तासभर तरी तसं वाटतं, आणि पहिल्या काही मिनिटांत चेंडूचा अंदाज चुकतो. उंच आलेला चेंडू डोक्यावर घ्यायला गेलात तर तो मागे पडतो. म्हणून अशा दिवशी बचावफळीने थोडं खोल उभं राहावं आणि सुरुवातीला चेंडू लांब मारून वेळ काढावा. आम्ही तेच केलं. उलटी थांबवायची गोळी घ्यायची असेल तर संघाच्या डॉक्टरांना विचारून आदल्या रात्री घ्यावी. त्यातल्या बऱ्याच गोळ्या झोप आणतात, आणि सामन्याच्या दिवशी डोळे जड असलेला बचावपटू संघाला परवडत नाही.

मालदीवचाच आणखी एक प्रसंग. आपल्याकडची मुलं किटबॅगेत गणपतीची छोटी मूर्ती ठेवतात, कोल्हापूरची असतील तर अंबाबाईचा फोटो असतोच. मालदीवमध्ये पूजेच्या मूर्ती देशात नेता येत नाहीत, कायदाच तसा आहे. दारू आणि डुकराचं मांसही नाही. माझ्या एका सहकाऱ्याची पितळी मूर्ती एक्स-रेमध्ये दिसली. कस्टमच्या माणसाने आवाज न चढवता समजावलं, मूर्ती कापडात गुंडाळून पाकिटात ठेवली, पावती दिली आणि परतीच्या दिवशी ती जशीच्या तशी हातात दिली. मुलगा मात्र पहिल्या सामन्याआधी रात्रभर अस्वस्थ होता. ज्या देशात जायचं त्याचे नियम आधी वाचले असते तर ती रात्र टळली असती. श्रद्धेच्या वस्तूबद्दल हे सांगताना मला संकोच वाटतो, पण आईने दिलेली मूर्ती परक्या काउंटरवर ठेवायला लागण्यापेक्षा ती घरच्या देव्हाऱ्यात राहिलेली बरी.

तसंच खसखशीचं. दिवाळीच्या सुमारास आखातात जाणाऱ्या मुलाला घरून अनारसे दिले जातात. संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियात खसखस बंदी असलेल्या वस्तूंत येते, अमली पदार्थांच्या कायद्याखाली. मसाल्यातली खसखसही त्यात आली. शिवाय भरपूर खसखस खाल्ली तर लघवीच्या चाचणीत मॉर्फिन दिसू शकतं, आणि मॉर्फिनवर सामन्याच्या काळात बंदी आहे. सर्दी-खोकल्याची औषधंही तशीच. गावातल्या मेडिकलमधून सहज मिळणाऱ्या काही गोळ्यांत आणि सिरपांत उत्तेजक म्हणून मोजला जाणारा घटक असतो, काहींत कोडीन असतं, आणि कोडीन कित्येक देशांत परवानगीशिवाय नेता येत नाही. मुलाने घरून औषध न्यायचं तर डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, गोळ्या मूळ पाकिटात, आणि संघाच्या डॉक्टरांना फोटो पाठवून. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, भाकरवडी खुशाल द्या. परक्या गावात रात्री दहाला भूक लागते तेव्हा तेच कामी येतं.

आता घाटाची गोष्ट. संघ व्यवस्थापक असताना एका भारतीय क्लबाबरोबर मी उझबेकिस्तानात गेलो होतो, फरगाना खोऱ्यातल्या संघाशी सामना होता. ताश्कंदहून तिकडे जायला मध्ये कामचिक खिंड लागते, उंची २,२०० मीटरच्या वर. आता खिंडीखालून १९ किलोमीटरचा रेल्वे बोगदा आहे, २०१६ साली सुरू झालेला. आम्ही गेलो तेव्हा तो नव्हता, आणि मोठ्या प्रवासी बस खिंडीतून सोडत नसत. हे मला आधी कळलं होतं, कारण निघण्यापूर्वी तिथल्या संपर्क अधिकाऱ्याला मी नुसतं "बस आहे ना?" असं विचारलं नव्हतं, तर "कुठल्या रस्त्याने, किती वेळात, मध्ये कुठे थांबणार?" असं खोदून विचारलं होतं. म्हणून सकाळी हॉटेलसमोर बसऐवजी पांढऱ्या छोट्या गाड्यांची रांग उभी होती.

आदल्या रात्री मी दोन कामं केली होती. एक, प्रत्येकाचा पासपोर्ट ज्याच्या त्याच्या हातात दिला. एरवी विमानतळावर सगळे पासपोर्ट व्यवस्थापकाच्या पिशवीत असतात, पण या रस्त्यावर तपासणी नाके आहेत आणि गाड्या एकामागे एक राहतीलच असं नाही. दुसरं, माणसं वाटून बसवली. दोन गोलकीपर दोन गाड्यांत, डॉक्टर एका गाडीत, फिजिओ वेगळ्या. प्रत्येक गाडीत हॉटेलचं नाव-पत्ता तिथल्या लिपीत लिहिलेला कागद.

मार्च महिना. रस्ता कोरडा, पण दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती. गोव्याची पोरं खिडकीला नाक लावून बसली होती. खिंडीतल्या रस्त्याच्या बोगद्याच्या तोंडाशी सैनिकांचा पहारा, फोटो काढायला सक्त मनाई. आम्ही खोऱ्यात उतरलो, हॉटेल गाठलं, मोजणी केली तर एक गाडी कमी. त्यात आमचा पहिल्या पसंतीचा गोलकीपर. स्थानिक सिम कुणाकडेच नव्हतं. संध्याकाळचा सराव त्याच्याशिवाय झाला. अंधार पडल्यावर गाडी आली आणि पोरं हसत उतरली. इंजिन तापलं म्हणून ड्रायव्हरने गाडी एका चहाच्या टपरीजवळ लावली होती. गाडी थंड होईपर्यंत त्याने मुलांना शेगडीजवळ बसवलं, तंदूरमधले गरम, सामोशासारखे सोमसे खाऊ घातले आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. नाक्यावर त्यांना थांबवलं होतं, पण पासपोर्ट स्वतःजवळ होते म्हणून पाच मिनिटांत सोडलं. ते माझ्या पिशवीत राहिले असते तर ती मुलं रात्रभर नाक्यावर बसली असती. दुसऱ्या दिवशी तो गोलकीपर काय खेळला! मला वाटतं त्या ड्रायव्हरच्या वागण्याने त्याचं मन हलकं झालं होतं. परदेशात खेळायला जाण्यातला आनंद असा कुठल्याही वळणावर भेटतो, आणि मुलाला तो मिळावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

यजमान मंडळी नेहमीच अशी भेटतात असं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये नायजेरियाचा राष्ट्रीय संघ लिबियाशी खेळायला बेनगाझीला निघाला होता. विमान उतरायच्या बेतात असताना ते अल अब्राकच्या छोट्या विमानतळाकडे वळवलं गेलं. खेळाडूंना तिथे रात्रभर अडकून राहावं लागलं, खुर्च्यांवर आणि जमिनीवर झोपून. शेवटी संघ न खेळताच परतला. आफ्रिकेच्या फुटबॉल महासंघाने नायजेरियाला ३-० असा विजय दिला आणि लिबियाला ५० हजार डॉलरचा दंड केला. एवढं टोकाचं क्वचित होतं. लहान प्रमाणात मात्र सगळीकडे चालतं: सरावाला ठरल्यापेक्षा वेगळं मैदान, रात्री हॉटेलबाहेर ढोल, बस उशिरा. अशा वेळी खेळाडूने वाद घालू नये. वाद घालणं व्यवस्थापकाचं काम, आणि त्याने प्रत्येक गोष्ट त्याच वेळी मॅच कमिशनरला, म्हणजे सामन्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला, लेखी कळवावी. खेळाडूने कापसाचे बोळे कानात घालून झोपावं.

झोपेवरून हँगझौ आठवतं. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत आपला पुरुष संघ १८ सप्टेंबरला संध्याकाळी चीनमध्ये उतरला आणि १९ तारखेला यजमान चीनशी खेळला. पहिला अर्धा भाग १-१. राहुल केपीने अवघड कोनातून मारलेला तो गोल अफलातून होता. दुसऱ्या अर्ध्यात पाय संपले आणि सामना ५-१ असा गेला. ती मुलं कमी पडली असं मी कधीच म्हणणार नाही. लांबच्या प्रवासानंतर पायांत पाणी साचतं, स्नायू ताठरतात, आणि घड्याळ बदललं असेल तर शरीराला ढोबळमानाने दर तासाच्या फरकामागे एक दिवस लागतो. सामना आधी ठरलेला असताना पोचायला उशीर होणं हा प्रवासाच्या नियोजनाचा पराभव असतो, आणि त्याचा हिशेब मात्र बचावफळीच्या नावावर लिहिला जातो. याचा मला राग येतो.

मुलाच्या हातात एवढंच: विमानात दाबाचे मोजे, दर तासाला उठून चालणं, पाणी भरपूर, चहा-कॉफी कमी, आणि विमानात बसल्याबरोबर घड्याळ तिकडच्या वेळेला लावणं. उतरल्यावर दिवस असेल तर झोपायचं नाही, उन्हात अर्धा तास फिरायचं. आणि हात धुणं. मे २००६ मध्ये इंग्लंडच्या टॉटनहॅम संघातले खेळाडू मोसमातल्या शेवटच्या सामन्याआधी रात्रीत आजारी पडले, तेव्हा सगळ्यांनी हॉटेलच्या लझानियाला दोष दिला. नंतर तपासात तो पोटाचा विषाणू निघाला. सामना २-१ ने गेला आणि चॅम्पियन्स लीगची जागाही गेली. एकाच बसमध्ये, एकाच टेबलावर राहणाऱ्या संघात असा आजार रात्रीत पसरतो.

प्रवासाची योजना कोसळली तर काय, याचं मला आवडणारं उदाहरण बार्सिलोनाचं आहे. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमानं बंद पडली. बार्सिलोनाला चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्यासाठी मिलानला जायचं होतं, जवळपास हजार किलोमीटर. मेस्सी, झावी सगळे बसने निघाले, वाटेत कान शहरात मुक्काम केला आणि वेळेत पोचले. मिलानच्या इंटर संघाने त्यांना ३-१ ने हरवलं. पण जगातला सर्वोत्तम संघही अशा दिवशी बसमध्ये बसून मुकाट्याने निघतो, हे मी प्रत्येक कुरकुर करणाऱ्या खेळाडूला सांगत आलोय.

मात्र कुठे मुकाट्याने बसायचं नाही तेही सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये गाम्बियाचा संघ आफ्रिका चषकासाठी आयव्हरी कोस्टला निघाला होता. विमान उडाल्यावर आत प्राणवायू कमी पडला, खेळाडू गुंगायला लागले. वैमानिकाने काही मिनिटांतच विमान परत बंजुलला उतरवलं. उड्डाणाआधीच आत असह्य उकडत होतं, असं खेळाडूंनी नंतर सांगितलं. बस असो, बोट असो, विमान असो, वाहन धोक्याचं वाटलं तर संघाने उतरावं. सामन्याचे गुण गेले तरी चालतील. २ ऑक्टोबर २०२४ ला मोहन बागानचा इराणमधल्या तबरीझला ट्रॅक्टर संघाशी सामना होता. आदल्याच दिवशी इराणने इस्रायलवर क्षेपणास्त्रं सोडली होती. खेळाडूंच्या सुरक्षेच्या काळजीने संघ गेला नाही, आणि आशियाई महासंघाने त्यांनी स्पर्धेतून माघार घेतल्याचं धरलं. त्यावर बरीच उलटसुलट चर्चा झाली. माझ्या मते खेळाडूंचं बरोबर होतं.

काही वेळा दोष कुणा प्रवाशाचा नसतोच. ऑगस्ट २०२२ मध्ये गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या, आणि त्याच सुमारास फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केलं. मुली हॉटेलात, सामने बंद. निलंबन २६ ऑगस्टला उठलं, तोवर त्यांची स्पर्धा हातची गेली होती. वर्षभर घाम गाळलेल्या त्या मुलींचं मला फार वाईट वाटलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कागद. तुमच्या मुलाच्या बाबतीत खरा धोका इथेच आहे. सुनील छेत्रीसारख्या खेळाडूचा २००९ मध्ये लंडनच्या क्यूपीआर क्लबाशी करार ठरूनही इंग्लंडचा वर्क परमिट नाकारला गेला, कारण भारत फिफा क्रमवारीत पहिल्या सत्तरात नव्हता. तेव्हा क्लबाचं पत्र आलं म्हणजे सगळं झालं असं समजू नका. व्हिसा कामाचा आहे की पर्यटकाचा, हे स्वतः वाचा. पर्यटक व्हिसावर बोलावून "इथे आल्यावर बदलून घेऊ" म्हणणारा एजंट सापडला तर थांबा. ट्रायलसाठी, म्हणजे निवड चाचणीसाठी, आगाऊ पैसे मागणारा असेल तर सरळ नाही म्हणा. खोट्या ट्रायलच्या नावाखाली गंडवलेली आणि परक्या शहरात सोडून दिलेली मुलं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यांना घरी फोन करायची लाज वाटते, म्हणून ती महिनोन्‌महिने तिथेच कुढत राहतात. मुलाला निघण्याआधीच सांगा की काहीही झालं तरी घरचं दार उघडं आहे.

एजंटचा परवाना फिफाच्या संकेतस्थळावरच्या यादीत तपासता येतो. क्लब खरा असेल तर आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्राची प्रक्रिया दोन महासंघांमधून होते. त्याशिवाय मुलगा अधिकृत सामना खेळूच शकत नाही, म्हणून त्याबद्दल क्लबाला थेट ईमेल करा, एजंटमार्फत नको. मुलगा दहावी पास नसेल तर पासपोर्टवर ईसीआरची (परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी लागते अशी) नोंद असू शकते, आणि आखाती देशांसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना आधी परवानगी काढावी लागते. आफ्रिकेतल्या पीतज्वर असलेल्या देशात जायचं असेल तर लस निघण्याआधी किमान १० दिवस घेतलेली हवी. लसीचं कार्ड नसेल तर परतताना भारतात विलगीकरणात ठेवतात. नेहमीच्या प्रवासविम्यात व्यावसायिक खेळातली दुखापत बहुधा धरलेली नसते. क्लबाने वैद्यकीय विमा दिलाय का आणि त्यात शस्त्रक्रिया आहे का, हे लेखी घ्या.

पासपोर्ट क्लबाच्या कार्यालयात "सुरक्षित" ठेवायला मागितला तर नोंदणीपुरता द्यावा आणि त्याच दिवशी परत घ्यावा. त्याच्या प्रती मुलाच्या ईमेलवर, तुमच्या मोबाईलवर आणि कागदावर, तिन्ही ठिकाणी असाव्यात. त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा क्रमांक कागदावर लिहून पाकिटात. मोबाईल बंद पडतो तेव्हाच तो लागतो. पगार थकला तर गप्प बसू नये. फिफाच्या नियमानुसार दोन महिन्यांचे पगार थकल्यावर खेळाडू लेखी नोटीस देऊ शकतो, आणि पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर योग्य कारणाने करार मोडू शकतो. त्यासाठी हातात करार हवा, मुलाला समजणाऱ्या भाषेतला आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांचा.

करार आला की तीन कलमं आधी शोधा: परतीचं तिकीट कुणी काढायचं, दुखापत झाली तर उपचार कुठे आणि कुणाच्या खर्चाने, आणि राहायची जागा करार संपल्यावर किती दिवस मिळणार. परतीच्या तिकिटाचं कलम नसेल तर ते घातल्याशिवाय सही नको. ते घालायला क्लब सहसा तयार होतात, कारण खर्च फार नसतो. नाहीच म्हणाले, तर तेवढे पैसे मुलाच्या नावाने वेगळे ठेवा आणि तो तिथे असेपर्यंत त्यांना हात लावू नका.